क्रँकचं मागचं ऑइल सील घरी बदलताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

मागचं ऑइल सील म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) मागच्या टोकावर, फ्लायव्हीलच्या (त्या टोकाला लावलेलं जड चाक) आड बसलेली, तेल अडवणारी एक रबरी कडी. ती बदलायला वीसेक मिनिटं लागतात. तिथपर्यंत पोचायला आणि परत बाहेर यायला मात्र दोन दिवस जातात. काम बिघडतं ते याच कारणाने. गिअरबॉक्स उतरवून माणूस दमलेला असतो आणि ज्या वीस मिनिटांत हात सगळ्यात सावकाश चालायला हवा, तीच घाईत उरकली जातात. मग काहीशे किलोमीटरनंतर बेल हाउसिंगखाली (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं घंटेसारखं तोंड) पुन्हा तोच काळा थेंब.

खालचा क्रम साध्या म्हणजे हाताने गिअर टाकायच्या गाडीचा आणि अखंड गोल सीलचा आहे. काही जुन्या इंजिनांत सील दोन अर्ध्या कड्यांचं असतं. ते ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) आणि मागचं मेन बेअरिंग कॅप काढून बदलतात, त्याची रीत वेगळी. ऑटोमॅटिक गाडीत काय बदलतं ते टप्पा ११ मध्ये आहे. बोल्ट किती आवळायचे आणि सील किती खोल बसवायचं हे आकडे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असतात. आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी नसेल तर पाना उचलू नका.

## टप्पा १: गळती खरंच मागच्या सीलची आहे का?

चालत्या गाडीत तेल खाली आणि मागे वाहतं. त्यामुळे वर कुठेही पाझर असला तरी थेंब शेवटी बेल हाउसिंगच्या खालच्या कडेलाच लोंबतो आणि दोष मागच्या सीलवर जातो. आधी हे संशयित तपासा:

- टॅपेट कव्हरचं पॅकिंग, खास करून मागचे कोपरे
- ऑइल प्रेशर स्विच आणि ऑइल फिल्टरची बैठक
- कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाचं सील किंवा टोपण
- ऑइल चेंबरच्या पॅकिंगचे मागचे दोन कोपरे
- गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील
- क्लचचा सिलिंडर, विशेषतः तो बेल हाउसिंगच्या आत असेल तर

थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. क्लचचं हायड्रॉलिक ऑइल पातळ असतं. शंका आली तर थेंब पाण्यात टाका: ते पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल तरंगतं.

मग इंजिनाची मागची बाजू डीग्रीझरने धुऊन कोरडी करा, इंजिन ऑइलमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घाला आणि ३०-४० किलोमीटर गाडी चालवा. त्यानंतर अतिनील टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. खालून वर नाही. चमकणारा ओघळ जिथून सुरू होतो ते गळतीचं ठिकाण. वरचं सगळं कोरडं आणि रंग फक्त बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकातून येत असेल, तरच गिअरबॉक्स उतरवायचा विचार करा.

ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी वाट, तपासा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. ब्रीदरची नळी किंवा त्या वाटेवरची झडप (पीसीव्ही व्हॉल्व्ह) मळीने तुंबली की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि तो चांगल्या सीलच्या कडेखालूनही तेल बाहेर ढकलतो. इंजिन आयडलवर ठेवून डिपस्टिक काढा आणि नळीच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा धरा. पेट्रोल इंजिनात तो हलका आत ओढला गेला पाहिजे. डिझेलमध्ये थोडी थरथर चालते. तुकडा फुगून उडू लागला तर आधी ब्रीदर साफ करा, व्हॉल्व्ह बदला आणि आठवडाभर गळती बघा. कधी कधी काम इथेच संपतं. ब्रीदर साफ करूनही दाब राहिला तर बहुधा पिस्टन रिंगा गेल्या आहेत आणि मग नवं सीलही फार टिकणार नाही.

गळती थांबवणारी जी औषधं तेलात घालतात, ती रबर थोडं फुगवतात. कडक झालेल्या सीलवर काही काळ उपयोग होतो. फाटलेल्या कडेवर किंवा चर पडलेल्या शाफ्टवर होत नाही.

## टप्पा २: सामान आधी, पाना नंतर

गाडी अर्धी उघडी असताना एक बोल्ट नाही म्हणून चार दिवस थांबावं लागणं ही या कामातली नेहमीची रड. पुढचं सगळं घरात आल्याशिवाय सुरुवात नको.

भाग: मागचं सील, सील वेगळ्या हाउसिंगमध्ये असेल तर त्या हाउसिंगचं पॅकिंग किंवा सिलिकॉन सीलंट, फ्लायव्हीलचे नवे बोल्ट, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणारं, असेल तर), पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टची दोन्ही सीलं, गिअर ऑइल, बोल्टच्या आट्यांना लावायचं सीलंट. क्लच प्लेटवर तेल गेलं असेल तर क्लच सेट. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन किंवा जाळून सुधारत नाही, दोन दिवसांत पुन्हा घसरते.

हत्यारं: भक्कम जॅक, चार स्टँड, गिअरबॉक्स जॅक, इंजिन वरून धरायचा आडवा दांडा, टॉर्क पाना, कोन मोजायची चकती, फ्लायव्हील अडकवायचं हत्यार, क्लच प्लेट मध्यावर धरायची दांडी, व्हर्नियर, सील काढायचा आकडा, प्लॅस्टिकची खरवडणी, धागे न सुटणारं फडकं, ब्रेक क्लीनर.

सील हातात आलं की आधी त्याची जात ओळखा, कारण बसवायची पद्धत तिच्यावर ठरते. एक रबरी लिपचं (लिप म्हणजे शाफ्टला टेकणारी आतली कड): कड बारीक, तिच्यामागे गोल स्प्रिंग. ही लिप तेल लावून बसवतात. दुसरं पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं: कड रुंद आणि सपाट, बहुतेकदा स्प्रिंग नसते आणि सीलच्या आत प्लॅस्टिकची बाही घालून येते. हे पूर्ण कोरडं बसवतात. जुन्या सवयीने त्यावर तेल चोपडणं ही या कामातली सगळ्यात महाग सवय आहे. या लिपचा बारीक थर शाफ्टवर चढावा लागतो आणि तेल असेल तर तो चढत नाही. ती प्लॅस्टिकची बाहीसुद्धा पॅकिंगचा कचरा समजून फेकू नका. लिपचा आकार तीच धरून ठेवते आणि सील शाफ्टवर तिच्यावरूनच सरकवायचं असतं.

> थांबा: काही इंजिनांत सील, त्याचं हाउसिंग आणि क्रँक सेन्सरची चुंबकी कडी हे सगळं एकसंध येतं. ती कडी शाफ्टवर ठरलेल्या कोनातच बसावी लागते आणि त्यासाठी खास हत्यार लागतं. अंदाजाने बसवलीत तर सेन्सरला चुकीचा इशारा जातो आणि इंजिन सुरूच होत नाही. तुमचं सील असं असेल तर हत्यार मिळवा, नाहीतर काम घरी करू नका.

## टप्पा ३: गाडी उचलणं

सपाट सिमेंटची जमीन हवी. माती, फरशी किंवा उतार चालणार नाही. गाडी जमिनीवर असतानाच हबचे मोठे नट आणि चाकांचे नट ढिले करा. मग उचला, चारही स्टँड गाडीच्या ठरलेल्या आधारांखाली लावा आणि गाडी हाताने जोरात हलवून बघा. कुरकुरली तर पुन्हा लावा. फक्त दोनच स्टँड वापरत असाल तर जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा.

गिअरबॉक्स पोटाखालून बाहेर सरकवायचा आहे, म्हणून त्याची उंची आधी मोजा आणि गाडी त्याहून थोडी जास्त उंच ठेवा. गाडीखाली अडकलेला गिअरबॉक्स समोर असताना गाडी आणखी वर उचलण्याची वेळ येऊ नये.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गिअर ऑइल काढून टाका, पण भरायचं बूच आधी सोडवून बघा. काढायचं बूच सुटलं आणि भरायचं अडकलं तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल.

## टप्पा ४: गिअरबॉक्स उतरवणं

मॅन्युअलमधला क्रम पाळा. मॅन्युअलमध्ये दोन शब्दांत उरकलेल्या जागा या:

१. प्लग आणि वायर सोडण्याआधी फोटो काढा. क्रँक सेन्सर बेल हाउसिंगमध्ये बसवलेला असेल तर तो गिअरबॉक्स हलवण्याआधी काढा. राहिला तर फ्लायव्हीलवर घासून तुटतो.

२. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) बेल हाउसिंगच्या बाहेर असेल तर नळी न सोडता तो बाजूला बांधून ठेवा. त्यानंतर पेडलला पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर उडेल. पेडलवर चिकटपट्टी लावून ठेवली की विसर पडत नाही.

३. ड्राइव्ह शाफ्ट काढताना शाफ्टला धरून ओढू नका, आतला जॉइंट सुटून येतो. गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवून चपट्या पहारीने बाहेर ढकला. शाफ्ट निघालेले असताना गाडी चाकांवर टेकवू नका, हबचं बेअरिंग जाईल.

४. सबफ्रेम उतरवायची असेल तर स्टिअरिंग सरळ करून कुलूपबंद करा. स्टिअरिंगचा दांडा सुटलेला असताना चाक फिरलं तर एअरबॅगची आतली गुंडाळी तुटते.

५. इंजिनाला आधार दिल्याशिवाय गिअरबॉक्सच्या माउंटिंगला हात लावू नका. आधार वरून दांड्याने दिला तर उत्तम. खालून जॅक लावायचा तर ऑइल चेंबर आणि जॅक यांच्यामध्ये रुंद लाकडी फळी हवी. इंजिन मागे कललं तर रेडिएटरच्या नळ्या ताणतात, पंखा जाळीला लागतो. वरून एकदा बघून या.

६. बेल हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

७. जॅक गिअरबॉक्सच्या वजनाच्या मध्याखाली, पट्ट्याने बांधलेला. गिअरबॉक्स सरळ मागे यायला हवा. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण निघेपर्यंत तो खाली लोंबू देऊ नका. अडकला तर एखादा बोल्ट राहिलेला असतो, बहुतेकदा स्टार्टरच्या मागचा.

> सावधान: छोट्या गाडीचाही गिअरबॉक्स ३०-४० किलोंच्या घरात असतो आणि वजन एका बाजूला असतं. छातीवर घेऊन उतरवायचा प्रयत्न करू नका.

## टप्पा ५: क्लच आणि फ्लायव्हील

प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील यांवर एकाच रेषेत खूण करा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, एका वेळी अर्धा फेरा असे सोडा. एकाच बाजूने सोडलेत तर प्लेट वाकते. क्लचची भुकटी हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

फ्लायव्हील आणि क्रँकच्या टोकावरही खूण करा. काही फ्लायव्हील एकाच कोनात बसतात, पण त्या भरवशावर राहू नका. फ्लायव्हील अडकवा, बोल्ट सोडा, मात्र एक बोल्ट दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवा. फ्लायव्हील जोडातून अचानक सुटतं आणि त्याची दातेरी कड बोटांवर किंवा पायावर येते. सैल करून, दोन्ही हातांनी धरून, मग तो शेवटचा बोल्ट काढा. मागचा पातळ पत्रा निघाला तर तो कोणत्या बाजूने होता ते लिहून ठेवा.

## टप्पा ६: सील काढण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा

आता सील समोर आहे आणि हात शिवशिवतात. पण पुरावा अजून जागेवर आहे. फडकं फिरवलंत की तो गेला.

सीलच्या आतल्या कडेपासून, म्हणजे शाफ्टलगत, ओघळ सुरू होत असेल तर लिप गेली आहे. बाहेरच्या कडेपासून असेल तर सील जागेत सैल किंवा तिरकं आहे. सील कोरडं आणि हाउसिंगचा सांधा ओला असेल तर दोष हाउसिंगच्या पॅकिंगचा. फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या भोकांमधून तेल आलेलं दिसत असेल तर भोकं आरपार आहेत आणि मागच्या वेळी आट्यांना सीलंट लावलं नव्हतं. सीलच्या वर, ब्लॉकच्या मागच्या अंगावर, तेलवाटांची आणि कॅमशाफ्टची टोपणं असतात, तीही बघा. नवं सील घालूनही गळणाऱ्या पुष्कळ गाड्यांत गुन्हेगार या टोपणांपैकी एक असतो.

क्रँकचा खेळ तपासा. फ्लायव्हीलचा एक बोल्ट परत लावा आणि क्रँक पुढे-मागे ढकला. डायल गेजवर (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापयंत्र) हा खेळ साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतो, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. त्याहून जास्त असेल तर थ्रस्ट वॉशर (हा खेळ रोखणाऱ्या चकत्या) झिजले आहेत. वर-खाली खेळ जाणवत असेल तर मेन बेअरिंग गेले आहेत. अशा क्रँकवर कोणतंही सील टिकत नाही.

## टप्पा ७: जुनं सील काढणं

आधी खोली मोजा. हाउसिंगच्या तोंडापासून सीलच्या पाठीपर्यंतचं अंतर व्हर्नियरने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं चार ठिकाणी मोजून लिहा. सील बाहेर आल्यावर हे माप परत मिळत नाही. मॅन्युअलमध्ये खोली दिली असली तरी मोजा, म्हणजे आधी कुणी सील वेगळ्या खोलीवर बसवलं असेल तर तेही कळतं.

सील काढायच्या दोन रीती. सीलचा आकडा लिपमागे अडकवून ओढा, टेकू मात्र हाउसिंगवर ठेवलेल्या लाकडी तुकड्याचा घ्या, शाफ्टचा नाही. आकड्याने येत नसेल तर सीलच्या पाठीवर, लिप आणि बाहेरची कड यांच्या मधोमध, समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा. २ मिलिमीटरचं ड्रिल, टोकापासून ३ मिलिमीटरवर चिकटपट्टीची खूण, पात्याला भरपूर ग्रीस म्हणजे कीस त्यालाच चिकटेल. भोकांत छोटे पत्र्याचे स्क्रू दोन फेरे बसवा आणि पकडीने आळीपाळीने ओढा.

> सावधान: ड्रिल आत घुसलं तर ते शाफ्टवर किंवा मागच्या बेअरिंगवर जाईल. स्क्रू ड्रायव्हर लिपखाली घालून उचकटू नका. सीलची लिप जिथे फिरते तिथे पडलेला एक ओरखडा म्हणजे कायमची गळती.

हाउसिंग बोल्टवर बसवलेलं असेल तर ते पूर्ण काढून सील टेबलावर बदलणं जास्त खात्रीचं. मात्र त्यात खालून येणारे ऑइल चेंबरचे एक-दोन बोल्ट असतात, ते विसरून हाउसिंग ओढलंत तर चेंबरचं पॅकिंग फाटतं. पातळ पात्याने ते आधी मोकळं करा. परत बसवताना हाउसिंग आणि चेंबर जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांत सिलिकॉनचा वाटाण्याएवढा ठिपका हवा. तो नसला की गळती नेमकी मागच्या सीलसारखीच दिसते.

## टप्पा ८: शाफ्ट आणि जागा

ब्रेक क्लीनर फडक्यावर घेऊन शाफ्ट आणि सीलची जागा पुसा. आत थेट फवारू नका, मळी बेअरिंगकडे वाहते. मग बोटाचं नख शाफ्टवरून आडवं, पुढून मागे फिरवा. जुन्या लिपची चमकदार रेघ दिसणारच. नख अडकत नसेल तर चिंता नाही. नख अडकलं तर चर पडली आहे, त्यावर दोन उपाय:

- नवं सील मूळ खोलीपेक्षा १ ते १.५ मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवणं, म्हणजे लिप चरीवर न येता चांगल्या पृष्ठभागावर येईल. आत ढकलताना तेल परत जायचं भोक झाकलं जात नाही ना, आणि बाहेर ठेवलं तर फ्लायव्हील घासत नाही ना, हे बघा. सील खांद्याला टेकवून बसवायचं असेल तर ही सोय नाही.
- शाफ्टवर दुरुस्तीची पातळ स्टीलची बाही चढवणं. ती साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते आणि सील मूळ मापाचंच राहतं. चर खोल असेल तर हाच मार्ग.

बारीक गंजाचे ठिपके हजार नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी तेलात भिजवून, शाफ्टभोवती गोल फिरवून काढा. पुढे-मागे कधीच घासू नका. आडव्या ओरखड्यांच्या नळ्या होतात आणि तेल त्यांतून चालत बाहेर येतं. शाफ्टच्या टोकाची कड बोटाला धारदार लागत असेल तर तीही मऊ करा.

## टप्पा ९: नवं सील बसवणं

इथे हात धुवा, पाणी प्या, मग सुरू करा.

१. जुन्या आणि नव्या सीलची बाहेरची माप, आतली माप आणि जाडी ताडून बघा. पाठीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो क्रँक फिरतो त्या दिशेचा आहे का ते बघा.

२. मुख्य लिप आणि स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, म्हणजे तेलाकडे. धुळीची बारीक लिप बाहेर. उलटं बसवलेलं सील पहिल्याच दिवशी गळतं.

३. रबरी लिप असेल तर लिपला आणि शाफ्टला स्वच्छ इंजिन ऑइलचा पातळ थर द्या, स्प्रिंगच्या खाचेत थोडं ग्रीस भरा म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडणार नाही. पीटीएफई असेल तर शाफ्ट आणि लिप दोन्ही कोरडी ठेवा, लिपला बोट लावू नका.

४. बाहेरची कड रबरी असेल तर तशीच बसवा. उघड्या धातूची असेल तर सीलंटचा अगदी पातळ हात फिरवा. लिपकडे ओघळ जाता कामा नये.

५. सोबत बाही आली नसेल तर पातळ, गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा शाफ्टच्या टोकाभोवती शंकूसारखा गुंडाळा आणि सील त्यावरून सरकवा. लिप आत दुमडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि बाहेरून ती दिसत नाही. सील शाफ्टवर गेल्यावर, ठोकण्याआधी, टॉर्च लावून लिपची कड पूर्ण गोल फिरून बघा.

६. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा सपाट तोंडाचा पाइप किंवा जाड चकती लावून रबरी हातोडीने हलकं ठोका. वर, खाली, डावी, उजवी असं फिरत, एका वेळी अर्धा मिलिमीटर. हातोडी थेट सीलवर पडली तर आतली धातूची कडी वाकते.

तपासा: खोली पुन्हा चार ठिकाणी मोजा. चारही मापं एकमेकांच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवीत. एक बाजू जास्त आत गेली असेल तर ती उपसून काढता येत नाही, मागे राहिलेल्या बाजू तिच्या पातळीवर आणा. मर्यादेबाहेर गेलं तर ते सील फेकून दुसरं घाला. एकदा बसवून काढलेलं सील पुन्हा वापरू नका.

काही पीटीएफई सीलं बसवल्यावर इंजिन फिरवण्याआधी काही तास तसंच ठेवायला सांगतात. आकडा सीलसोबतच्या कागदावर असतो. क्रँक हातानेही फिरवू नका.

## टप्पा १०: फ्लायव्हील आणि क्लच

क्रँकचं टोक आणि फ्लायव्हीलचा मागचा भाग तेल, रंग, कीस यांपासून पूर्ण मोकळा करा. मधला पत्रा आधी जागेवर ठेवा. सगळं आवळून झाल्यावर तो पत्रा भिंतीला टेकून उभा दिसणं हा इतका नेहमीचा प्रकार आहे की तो आधीच फ्लायव्हीलवर टांगून ठेवावा.

बोल्टांची भोकं आरपार असतील तर आट्यांना सीलंट लावा. आंधळी, म्हणजे तळाशी बंद, असतील तर आत साठलेलं तेल काढा, नाहीतर बोल्ट पूर्ण आवळला गेल्यासारखा वाटतो आणि नसतो. कोन मोजून आवळायचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नाहीत. आवळताना ताऱ्याच्या आकारात, समोरासमोर, तीन फेऱ्यांत मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत जा. आटे कोरडे की तेल लावलेले, हेही मॅन्युअलमध्ये असतं. कोरड्या आट्यांचा आकडा तेलकट बोल्टला लावला तर तो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

फ्लायव्हीलचा पुढचा पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसा. क्लच प्लेटची गिअरबॉक्सकडची बाजू बघून, मध्यावर धरायची दांडी घालून, प्रेशर प्लेट समोरासमोर अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आवळा. इनपुट शाफ्टच्या दातांवर ग्रीसचा फक्त हात फिरवा. जास्त झालेलं ग्रीस फिरून प्लेटवर उडतं.

## टप्पा ११: गिअरबॉक्स परत

इनपुट शाफ्टचं सील आत्ताच बदला. बेल हाउसिंग आतून स्वच्छ धुवा, नाहीतर जुनं तेल महिनाभर ठिबकत राहील आणि नवं सील गेलं असं वाटेल. बेल हाउसिंगच्या दोन्ही डॉवेल पिना (इंजिन आणि गिअरबॉक्स नेमके जुळवणाऱ्या) जागेवर आहेत का तेही बघा.

गिअरबॉक्स इंजिनाच्या कोनात धरून सरळ आत ढकला. दात जुळत नसतील तर गिअर टाकून आउटपुटकडून शाफ्ट किंचित फिरवा. दोन्ही तोंडं हातानेच पूर्ण मिळाली पाहिजेत. फट राहिली आणि बोल्टने ओढून ती बंद केलीत तर बेल हाउसिंगचा कान तुटतो किंवा प्लेटचा मध्य चिरतो. निदान दोन बोल्ट लागेपर्यंत जॅक काढू नका.

ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असलेला, तेलावर चालणारा जोड) फ्लायव्हीलऐवजी पातळ प्लेटला बोल्टने लागलेला असतो. हे बोल्ट गिअरबॉक्स हलवण्याआधी स्टार्टरच्या भोकातून किंवा तळाच्या खिडकीतून सोडायचे. परत बसवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात शेवटपर्यंत गेला पाहिजे: तो फिरवत आत ढकलत राहिलात की टप्प्याटप्प्याने दोन-तीनदा खट्ट होऊन खाली बसतो. गिअरबॉक्स लागल्यावर कन्व्हर्टर आणि प्लेट यांच्यात काही मिलिमीटरची मोकळी फट दिसायला हवी. फट नसेल तर तो पंपावर दाबला जातो आहे. तसाच आवळला तर पंप फुटतो.

उरलेलं सगळं उलट्या क्रमाने. हबचा नट नवा वापरा आणि शेवटचा आवळा चाकं जमिनीवर असताना द्या. गिअर ऑइल भरायच्या बुचाच्या पातळीपर्यंत, गाडी सपाट असताना.

## टप्पा १२: सुरू करण्याआधी आणि नंतर

सुरू करण्याआधी: इंजिन ऑइलची पातळी, गिअर ऑइल, क्लचच्या पेडलची उंची, स्टार्टरचे बोल्ट, ब्लॉकला लावायची अर्थची वायर, सगळे प्लग. पीटीएफई सील असेल तर थांबायचा वेळ पूर्ण झाला का?

इंजिन सुरू करा आणि दहा मिनिटं आयडलवर ठेवा. खालून टॉर्चने बघा. मग हळू वेगाने एक फेरी, क्लच आणि सगळे गिअर. घरी आल्यावर बेल हाउसिंगचा तळ पांढऱ्या फडक्याने पुसून रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. पहिले एक-दोन ठिपके जुन्या तेलाचे असू शकतात. १०० आणि ५०० किलोमीटरवर पुन्हा पुसून बघा. ठिपके दर वेळी कमी होत गेले पाहिजेत. वाढत असतील तर आधी ब्रीदर, मग टॅपेट कव्हर आणि ऑइल चेंबरचे मागचे कोपरे बघा, आणि गिअरबॉक्सला हात लावण्याआधी अतिनील टॉर्च पुन्हा बाहेर काढा.